सोसायटीच्या गच्चीवरून ड्रोन उडवू द्यायचा का?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
पुण्यात आमची पंधरा मजली सोसायटी. शेजारच्या प्लॉटवर बावीस मजली टॉवर उभा राहिलाय आणि त्याच्या जाहिरातीचं शूटिंग करणारा मुलगा एका सकाळपुरती आमची गच्ची मागतोय. पाच हजार देतो म्हणतो. कमिटीत दोन तट पडलेत. माझं मत, देऊ नये. खाली पार्किंग आणि मुलांचा झोपाळा आहे, ड्रोन निसटला तर थेट तिथेच. या धंद्यातले कुणी असाल तर सांगा, मी उगाच घाबरतोय का?

रील_आणि_पंखे:
थोडंसं उगाचच. सहा वर्षं हेच काम करतोय. रस्त्यावरून उडवलं तर केबलवाल्यांच्या वायरी, झाडं, कुत्री, आणि ऐन टेकऑफला खांद्यावर हात ठेवून "किती लांब जातं हो हे?" विचारणारे काका. गच्चीला एकच दार, कडी घातली की कुणी येत नाही. शिवाय ड्रोन सतत नजरेसमोर ठेवायचा असतो. खालून उडवला तर तो इमारतीमागे गेला की दिसत नाही आणि सिग्नलही तुटतो.

कठड्यापासून_लांब:
दार बंद केल्याने गच्चीवरचे लोक वाचले. खालच्यांचं काय? वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि कठड्यावरून गुंडाळी घेत आत वळतो. गच्चीच्या मधोमध उभं राहिलात तर पान हलत नाही, कठडा ओलांडला की दणका बसतो. शिवाय पोटाखालचे सेन्सर दीड मीटरवर फरशी बघत असतात, पुढच्या क्षणी तीच जमीन 47 मीटर खाली. जीपीएस पक्कं नसेल तर यंत्र तिथेच गोंधळतं. हवेचा विरोध सोडून दिला तर एवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू ताशी शंभराच्या वर वेगाने खाली येते. झोपाळ्याचा विचार करा.

रील_आणि_पंखे:
म्हणून तर आधी सरळ वर घ्यायचा, मग बाहेर काढायचा. कठड्याला चिकटून उडवणारा हौशी असतो. आणि नॅनो, म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतचे, सोडून बाकी ड्रोनला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, तो आमच्याकडे असतो.

गणितात_कच्चा_नाही:
उंचीचं कुणी बोललंच नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथे, मर्यादा 400 फूट, म्हणजे साधारण 120 मीटर, आणि ती जमिनीपासून. स्क्रीनवर दिसणारी उंची मात्र जिथून उडवला तिथपासूनची. गच्ची 47 मीटरवर असेल तर स्क्रीनवर 73 दिसले की संपलं. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात असाल तर मर्यादा 200 फूट, साधारण 60 मीटर, म्हणजे गच्चीवर जेमतेम 13 मीटर उरतात. तेवढ्यात बावीस मजल्यांचं शूटिंग? लोहगावचा विमानतळ, लष्कराचे भाग, खडकवासल्याची एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, एवढं सगळं ज्या शहरात आहे तिथे डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा झोनचा नकाशा उघडल्याशिवाय होकार देऊच नका. यलो झोन निघाला तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, रेड असेल तर केंद्र सरकारची.

रील_आणि_पंखे:
बरोबर, हे बरेच जण विसरतात. मीही एकदा विसरलो होतो, कबूल.

कठड्यापासून_लांब:
मग "घरी परत ये" बटणाचंही सांगा. सिग्नल तुटला की यंत्र ठरवलेल्या उंचीवर चढून निघालेल्या जागी येतं. ती उंचीही गच्चीपासूनच मोजलेली. 15 मीटर ठेवली आणि मध्ये सात मजले जास्त उंच टॉवर असला तर? समोरच्या सेन्सरला काच नीट दिसतेच असं नाही. उतरताना दोन-तीन मीटर सरकलं तर टाकीवर, नाहीतर कठड्याबाहेर. लिफ्टच्या मशीन रूमजवळ, स्लॅबमधल्या सळ्यांवर होकायंत्र बिघडतं ते वेगळंच.

घारींचा_शेजारी:
आणि घारी! आमच्या टाकीवर घरटं आहे, मागच्या हिवाळ्यात एका ड्रोनला घारीने असा पंजा मारला की बिचारा तिसऱ्या मजल्याच्या जाळीत अडकला. मालक दार वाजवत फिरत होता.

गणितात_कच्चा_नाही:
सेक्रेटरी, मुलाकडून चार कागद मागा: ड्रोनचा यूआयएन (नोंदणी क्रमांक), पायलटचं प्रमाणपत्र, विमा आणि त्या जागेच्या झोनचा स्क्रीनशॉट. 250 ग्रॅमच्या आतला असेल तर प्रमाणपत्र लागत नाही. पण फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि तरी बॅगेतून आणलेले भरपूर फिरतात. म्हणून यूआयएन मागितल्यावर बरेच जण "उद्या पाठवतो" म्हणतात.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
विचारलं. "उद्या पाठवतो" म्हणाला.

रील_आणि_पंखे:
मग माझाही विरोध नोंदवा.

कठड्यापासून_लांब:
आणि त्याने कागद पाठवलेच, तर त्या सकाळी मी गाडी पलीकडच्या गल्लीत लावणार.