मदत हवी आहे: १२ नंबरचे डबल बूट कुठे मिळतील? (तातडीचं)

हिमवेडा
नमस्कार मंडळी. मेहुण्याला घेऊन वर जायचंय, पुढच्या शनिवारी निघतोय. तो पळणारा आहे, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्सची नव्वद किलोमीटरची शर्यत पळून आलाय, त्यामुळे दमाचा प्रश्नच नाही. प्रश्न बर्फात घालायच्या दुहेरी थरांच्या बुटांचा, म्हणजे डबल बुटांचा आहे. पाय १२ नंबर. भाड्याने देणाऱ्या दुकानांत फोन केले, सगळीकडे ११ च्या पुढे नाही. तो म्हणतो, माझ्या ट्रेल रनिंगच्या बुटांना मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे खिळे) लावतो, हलके पडतात. चालेल का? अनुभवी लोकांनीच सांगा आणि लवकर सांगा.

कातळकडा
वर म्हणजे कुठे? आमच्या सोसायटीची गच्चीपण वरच आहे.

हिमवेडा
मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक हो. डबल बूट म्हटल्यावर अजून काय असणार?

कातळकडा
डबल बूट म्हटल्यावर निम्मा हिमालय येतो. फ्रेंडशिप म्हणजे ५,२८९ मीटर, आणि आता नोव्हेंबर अर्धा संपला. बरोबर कोण आहे? दोर आहे? मुक्काम कुठे कुठे?

पायपीट
बुटांचं आधी. मायक्रोस्पाइक्स पायवाटेवरच्या बर्फाला ठीक, शिखराखालच्या चढाला नाही. तिथे पहाटे बर्फ काचेसारखा टणक असतो, क्रॅम्पॉनच, म्हणजे बुटाला बांधायचे लांब धातूचे दातेच लागतात. मऊ तळव्याचा बूट पावलागणिक वाकतो आणि क्रॅम्पॉन सुटून येतो, तोही नेमका तिरक्या चढावर. शिवाय पळायचे बूट अर्ध्या तासात ओले.

सह्यभटक्या
११ नंबरच घ्या, एक जाड मोजा घाला. होतं सगळं अ‍ॅडजस्ट. आम्ही तर कॅनव्हासच्या बुटांत हरिश्चंद्रगड केलाय.

पायपीट
@सह्यभटक्या, कृपा करून असं सांगू नका. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठाच हवा, आत बोटं हलली पाहिजेत. म्हणजे यांना १३ शोधावा लागणार.

सह्यभटक्या
बरं बाबा. पण नळीच्या वाटेने चढणाऱ्याला हे बर्फबिर्फ काही नवीन नाही, एवढंच म्हणायचं होतं.

हिमवेडा
विषय बुटांचा आहे!! मुक्काम विचारलात म्हणून: दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनाली, त्याच दिवशी धुंडीवरून बकरथाच. दुसऱ्या दिवशी लेडी लेग, त्याच रात्री एक वाजता शिखराकडे. मी गिर्यारोहणाचं बेसिक (पहिला कोर्स) केलंय. आम्ही दोघंच.

कातळकडा
आता आलं बाहेर. बकरथाच ३,३०० मीटर, लेडी लेग साधारण ३,८००. बसमधून उतरल्या दिवशी ३,३०० वर झोपणार आणि दोन रात्रीही पुऱ्या न होता पाच हजारांच्या वर? तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. कॉम्रेड्सच्या मेडलने यात सूट मिळत नाही.

दवाखाना_बंद
उलट दमदार माणसालाच धोका जास्त, कारण तो भराभर वर जाऊ शकतो. डोकं दुखलं तर ‘पाणी कमी पडलं’ म्हणतो, मळमळलं तर ‘पळताना खायचं जेल पचलं नाही’. त्रास लपवायची त्यांना सवयच असते. डायमॉक्स (उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, गार बोटांवर तो काहीही दाखवतो. चालताना तोल जायला लागला की चर्चा बंद, लगेच खाली.

खादाड_काकू
गोळ्या कशाला? कापराची पुडी हुंगायची आणि लसूण खायचा. आम्ही चारधामला तेच केलं.

दवाखाना_बंद
काकू, कापराने नाक मोकळं होतं. हवेतला ऑक्सिजन वाढत नाही.

खादाड_काकू
तुम्ही गेला होतात का केदारनाथला? मग?

पायपीट
भांडण बाजूला ठेवा. @हिमवेडा, पळणाऱ्याला बर्फात नेताना खरी कसरत त्याला हळू चालवण्याची. मी अशा एकाला नेलं होतं. दोरावर स्वतःला पुढे ठेवलं आणि त्याला अट घातली की तोंडाने गाणं म्हणता येईल इतक्याच वेगाने चालायचं. पहिला तास तो कुरकुरला, मग गप्प चालला. आणखी एक: यांच्या अंगावर चरबी नसते. चालताना घाम, थांबले की दोन मिनिटांत कुडकुडतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, आणि पिसांचं जाकीट सॅकमध्ये सगळ्यात वर. जेलची पाकिटं गोठतात, ती आतल्या खिशात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

कातळकडा
आणि दोघंच जाऊ नका. नोव्हेंबरचा नवा बर्फ हिमभेगांवर पातळ पापुद्रा धरतो. एक पडला तर दुसऱ्याने एकट्याने त्याला धरायचं, थांबवायचं आणि वर ओढायचं, हे बेसिकमध्ये सपाटीवर करून बघितलं असेल, तिथे जमत नाही. मनालीचा अनुभवी गाइड घ्या, दोरावर तिघं हवेत. ताजा बर्फ पडला असेल तर वर जायचंच नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर हिमस्खलन झालं, त्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मिळून २९ जण गेले. ती शिकलेली माणसं होती.

नवखा_धावक
धागा छान चाललाय. भाच्याला सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे, गुडघा दुखतो. काय करावं?

खादाड_काकू
मेथीचे लाडू.

हिमवेडा
१३ नंबरची एक जोडी पुण्यातल्या ओळखीच्या क्लबात मिळाली, पायपीट यांचे आभार. गाइडशी बोललो. त्याचं म्हणणं, मनालीत दोन रात्री, बकरथाचला दोन रात्री, मधल्या दिवशी लेडी लेगपर्यंत जाऊन खाली झोपायला यायचं, आणि शिखराच्या दिवशी बारा वाजता असू तिथून मागे. मेहुण्याला पटत नाहीये. घड्याळातले हार्ट रेटचे झोन दाखवतोय मला.

दवाखाना_बंद
ते झोन पुण्याचे. उंचीवर बसल्या जागी ठोके वाढतात आणि कमाल ठोके उतरतात, आकडे तिथे लागूच पडत नाहीत.

हिमवेडा
सांगून बघतो. दिवस वाढले तर परतीचं तिकीट बदलावं लागेल, त्याचे पैसे जाणार.

कातळकडा
मेहुण्याकडून घ्या.