सुट्टीतील वाचन आणि बक्षीस

प्रश्न : पाचवीत जाणाऱ्या मुलीला मे महिन्यात पुस्तकामागे १० रुपये देण्याचे मी कबूल केले, तेव्हापासून ती केवळ पातळ पुस्तकेच निवडते. बक्षीस बंद करावे का?

उत्तर १ : पैसे थांबवावेत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ मधील अमेरिकन प्रयोगात, बक्षीस आधी कबूल करून चित्रे काढायला लावलेल्या बालवाडीतील मुलांची चित्रे काढण्याची गोडी पुढे कमी झाली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची मात्र झाली नाही.

उत्तर २ : परंतु ज्याला मुळात गोडीच नाही, त्याला सुरुवातीपुरते आमिष चालावे; फक्त ते पुस्तकांशीच निगडित असावे. आम्ही मुलांना पाचगणीजवळच्या भिलार या पुस्तकांच्या गावी नेले, तेव्हा घराघरांत मांडलेल्या पुस्तकांपासून ती हलेनात.

प्रश्नकर्ती : मग भिलारच, पण आधी न सांगता.