घरी बांधलेल्या गाडीला पासिंग मिळतं का?

सांगलीचा_फिटर:
नमस्कार मंडळी. वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे, दोघांनी मिळून दीड वर्षात एक टू सीटर बांधली. इंजिन गिअरबॉक्स भंगारातल्या मारुती ८०० चं, ७९६ सीसी, फ्रेम पाईप वाकवून आम्हीच केली. वडील रोज वर्कशॉप बंद करताना बॉनेटवर फडकं मारतात, त्यांना एकदा तिच्यातून जोतिबाला जायचंय. एक एजंट म्हणतो जुन्या ८०० चं आरसी आहे ना, मग चॅसी नंबरचा पत्रा कापून नव्या फ्रेमला वेल्ड करा, बाकी मी बघतो. करू का?

पासिंगवाला_पुणे:
अजिबात नको!! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीने दिलेले जे तपशील आहेत ते बदलतील असा फेरफार चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. आणि तुमचा तर फेरफार पण नाही, दुसऱ्याच गाडीवर जुना नंबर लावताय, तो सरळ सरळ फ्रॉड झाला. उद्या कुणाला धडक बसली आणि सर्व्हेअरने नंबर बघितला की विमा कंपनी हात वर करणार, मग भरपाईपायी वर्कशॉप विकायची वेळ येईल.
सरळ मार्गाने जायचं तर नव्या गाडीला कंपनीचा फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) लागतो, आणि त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली प्रोटोटाइपची, म्हणजे नमुना गाडीची टेस्ट, ती करणाऱ्या संस्था आपल्याकडे कोथरूडला एआरएआय, भोसरीला सीआयआरटी. ही सगळी व्यवस्था कारखान्यासाठी आहे, एका गाडीसाठी तो खर्च झेपत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस ६ नियम, कार्ब्युरेटरवालं इंजिन तिथंच अडकणार. आपल्या कायद्यात हौशी माणसासाठी वेगळी खिडकीच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेस्टरचा_मराठी:
इथे इंग्लंडात ती खिडकी आहे, आयव्हीए म्हणतात, म्हणजे एकेका गाडीची वेगळी तपासणी. माझ्या मित्राने किट कार (सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी) बांधली, तपासनीस प्रत्येक कडेवरून गेज फिरवत होता, बाहेरून हात लागेल त्या कडेची गोलाई किमान २.५ मिलीमीटर हवी. मित्राने रात्रभर बसून नटांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. पास झालं की सर्टिफिकेट, मग रजिस्ट्रेशन. पार्ट कुठल्या गाडीचे, किती जुने हे सांगता आलं नाही तर क्यू ने सुरू होणारा नंबर मिळतो, पण रस्त्यावर येते गाडी. आपल्याकडे असं काही का नसावं?

कडेगावकर:
आमच्या शेजारच्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची जीप आठवते ना? साठेक हजारात, किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण हेही लिहिलं की नियमात बसत नाही म्हणून आज ना उद्या अडवतील, आणि जानेवारीत तिच्या बदल्यात बोलेरो दिली. एवढं नाव होऊनही रस्ता काही मिळाला नाही बघा. दादा तुम्ही स्वतःच्या रानात चालवा, डांबरीवर विनानोंदणी सापडलात तर कलम १९२ खाली पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे. आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला दाखवा, पोरं बाहा स्पर्धेसाठी (कॉलेजच्या पोरांनी बांधलेल्या खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची स्पर्धा) अशाच फ्रेम बांधतात, तुमच्या वडिलांचं वेल्डिंग बघून शिकतील.

सांगलीचा_फिटर:
एजंटला आत्ताच फोन करून नाही म्हणालो. वडिलांना वाचून दाखवलं, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले खालच्या रानातला ऊस तुटला की तिथं फिरवू. जोतिबाला एसटीने जाऊ.