पंधरा दिवसांची नोटीस, तीही मिळाली तर

'भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही' असं वर दोघांनी लिहिलंय. जुन्या काळचं खरं आहे ते. विदर्भात 1949 चा सी. पी. अँड बेरार (म्हणजे जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) घरभाडे नियंत्रण आदेश होता. घर खाली करायची नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची, म्हणजे भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागे. 31 मार्च 2000 पासून राज्याचा नवा भाडे नियंत्रण कायदा आला आणि ते संपलं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे नुसत्या वापर-परवान्याच्या करारात, तर तुम्ही भाडेकरूच नसता. मुदतीनंतर थांबलात तर दुप्पट पैसे.

शिवाय हा कायदा त्याच्या परिशिष्टातल्या गावांपुरता. बाकी खेड्यांत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 106, म्हणजे महिन्याच्या भाड्याला 15 दिवसांची नोटीस. आम्हाला तेवढीही मिळाली नाही. बायको जि. प. शाळेत, गावातच खोली, भाडं रोख, कागद शून्य. ऐन मे महिन्यात मालकाच्या पोराचं लग्न ठरलं. "सर, आठ दिवसांत खोली मोकळी करून द्या जी." खिडकीबाहेर कूलरसाठी मी वेल्डिंग करून घेतलेला लोखंडी स्टँड अजून तिथंच आहे.