सुमेरमध्ये एवढ्याशा मुलखात इतकी सवती शहरं का?

पाटीपेन्सिल

गिधाडांच्या शिळेचा फोटो बघत होते. लूव्र संग्रहालयात आहे, तुकडे जोडून उभी केलेली. एका अंगाला ढालीला ढाल लावून चाललेले सुमेरमधल्या लगाश शहराचे सैनिक, त्यांच्या पायाखाली प्रेतं, वर गिधाडं माणसांची मुंडकी चोचीत धरून उडतायत. दुसऱ्या अंगाला लगाशचा देव निंगिर्सू, हातात जाळं, जाळ्यात शत्रू कोंबलेले. मला वाटलं कुठल्या तरी दूरच्या टोळीशी झालेलं युद्ध असेल. निघालं शेजारचं उम्मा! भाषा तीच, लिपी तीच, देवमंडळ बहुतेक तेच.

इजिप्तमध्ये इ.स.पू. ३१०० च्या सुमाराला नाईलभर एक राजा झाला. तेव्हा सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिणेत, उरुक चांगलं मोठं शहर होतं. तरी पुढची सात-आठशे वर्षं उर, उरुक, लगाश, उम्मा, किश अशा प्रत्येकाचा सवता सुभा. असं का? माझ्याकडच्या पुस्तकात ‘सुपीक जमिनीमुळे नगरराज्ये उदयास आली’ एवढ्यावर भागवलंय. सुपीक तर नाईलचं खोरंही होतं की.

निवृत्त कालवेवाला

तीस वर्षं कालव्यावर नोकरी केली, इतिहास नंतर हौसेने वाचला. त्यामुळे मला जिथे तिथे पाणीच दिसतं, तेवढं सांभाळून घ्या.

आधी तो ‘सुपीक’ शब्द खोडा. इराकच्या दक्षिणेत वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. पाणी पाजल्याशिवाय जवाचं पीक हाती लागत नाही. त्यात नदीचं वेळापत्रक उफराटं. नाईलचा पूर उन्हाळा सरता सरता येतो, ओसरतो, आणि ओल्या गाळात पेरायला शेतकरी मोकळा. टायग्रिस-युफ्रेटिसचा पूर एप्रिल-मेमध्ये, डोंगरातलं बर्फ वितळून. तेव्हा शेतात जव कापणीला आलेला असतो. पेरणीच्या दिवसांत मात्र नदी तळाला. हवं तेव्हा ओढून आणा, नको तेव्हा बांध घालून अडवा, असा संसार.

नकाशात न दिसणारी आणखी एक गोष्ट. मैदान इतकं सपाट की युफ्रेटिस गाळ टाकत टाकत स्वतःचंच पात्र उचलत जाते. नदी वर, शेतं खाली. काठ फोडला की पाणी आपसूक उतरतं, उपसायची गरज नाही. दहा-वीस घरांनाही हे जमतं. पण पाणी पोचेल तिथपर्यंतच शेत, पुढे दलदल नाहीतर उजाड माळ. शिवाय नदीला फाटे अनेक. म्हणजे एकेका फाट्याला लागवडीचा एकेक पट्टा, मधली जागा मेंढरांना. शहरं बघा, या फाट्यांवर मणी ओवल्यासारखी बसली आहेत. नाईलची एकच धार, दोन्हीकडे वाळवंट. ती धार ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात सगळं.

आणि मग टेल, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला, माणूस दुप्पट पाणी घेतो, टेलच्याला चिखल मिळतो, आणि गाळ काढायला मात्र त्यानेच आधी फावडं घेऊन यायचं. चारी एकाच गावाची असली तर भांडण शिव्यांवर मिटतं. दोन गावांची असली की मिटत नाही. रात्रीत गेटचं कुलूप तुटलेलं मी पाहिलंय, आणि सकाळी दोन्हीकडची माणसं माझ्याच दारात, ‘साहेब, झोपला होतात काय?’

लगाश-उम्माचं प्रकरण याच जातीचं, फक्त पिढ्यान् पिढ्या चाललेलं. मध्ये गू-एदिन नावाचा चांगला पट्टा. किशचा राजा मेसिलिम याने मध्यस्थी करून हद्दीचा दगड रोवला. पुढे लगाशचा राजा इआन्नातुम याने (तुमची शिळा त्याची, इ.स.पू. २४५० च्या आसपासची) उम्माला हरवून हद्दीवर कालवा काढला. उम्माने त्या पट्ट्यातला जव उसना घेतला, व्याज चढत गेलं, फेड काही होईना. मग उम्माचा राजा उर-लुम्मा याने हद्दीच्या कालव्याचं पाणी वळवलं आणि दगडांना आग लावून ते फोडले. हे सारं लगाशच्या पुढच्या एका राजाने, एंतेमेनाने, मातीच्या शंकूवर लिहून ठेवलंय. वाचताना मला वाटलं, हा तर पाण्याच्या तक्रारीचा अर्ज. फक्त अर्जदार देव आहे. जमीन निंगिर्सूची, राजा त्याचा कारभारी.

खापरखुंटी

काका, टेलचं पटलं, पण घोडा गाडीच्या मागे जुंपलात. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्सने हा सगळा मुलूख पायाखाली घालून जुन्या वस्त्यांची टेकाडं मोजली. त्याचं म्हणणं, उरुक वाढत होतं तेव्हा पाट लहानच होते, गावपातळीवर निभणारे. मोठे कालवे मागाहून आले. म्हणजे कालव्याच्या व्यवस्थापनासाठी राज्य जन्मलं, हे बसत नाही.

उरुक इ.स.पू. ३२०० च्या आसपास सुमारे २५० हेक्टर. काही शतकांनी त्याच्या दुपटीच्या आसपास, भोवती नऊ किलोमीटरांची भिंत. आणि त्याच काळात आजूबाजूची खेडी ओस पडत गेली. माणसं शहरात येत होती किंवा आणली जात होती.

आणली असतील तर त्यांना खायला कोण घालत होतं? इथे माझा आवडता पुरावा: तिरप्या काठाचा वाडगा. एकदा हातात घ्यायला मिळाला होता. जड, खरबरीत, भुसा कालवलेली माती, साच्यात दाबून केलेला, आत बोटं फिरल्याच्या खुणा. कुंभाराने लाजावं असं काम. पण उत्खननात हे ढिगाने सापडतात, वापरून सरळ फेकलेले. सुरुवातीच्या लिपीत ‘खाणे’ किंवा ‘शिधा’ लिहायचं तर माणसाचं डोकं काढून त्याच्यापुढे असा वाडगा काढत. काही जण म्हणतात तो पावाचा साचा असावा. असेना! एका वेळी शेकडो माणसं जेववणारं कोणी तरी तिथे होतं, एवढं मला पुरे. उरुकमधल्या एआन्नाच्या मंदिर-आवारातून मातीच्या हजारो पाट्या निघाल्या, बहुतेक हिशेबाच्या: जव, मेंढ्या, बिअर, मजूर. शहराचा गाभा म्हणजे कोठार.

दगड, तांबं, इमारती लाकूड यांतलं तिथे काहीच नाही. तांबं मगानहून, म्हणजे आजच्या ओमानकडून, लाजवर्द हा निळा दगड थेट अफगाणिस्तानकडच्या बदख्शानातून. त्याच्या बदल्यात द्यायला लागणारा माल एकट्या कुटुंबाकडे कुठून येणार? कोठाराकडे असतो.

पाटीपेन्सिल

मग एका कोठाराने बाकीची गिळली का नाहीत?

निवृत्त कालवेवाला

खापरखुंटी, मान्य. शहर कालव्याने जन्माला घातलं, हे मागे घेतो. शहरं वेगळी राहिली त्यात कालव्याचा हात आहे, हे मागे घेत नाही.

गिळायचा प्रयत्न झालाच की. पण परक्या शहरावर राज्य करायचं म्हणजे त्याच्या चाऱ्याही चालवायच्या. कुठला बांध कच्चा, कुठे गाळ साचतो, कोणाची पाळी कधी, हे तिथलाच माणूस जाणतो. उत्तरेकडच्या अक्कडचा राजा सर्गोन याने इ.स.पू. २३३४ च्या सुमाराला गादी धरली आणि पुढे सगळ्यांना एका छत्राखाली आणलं, जागोजागी आपली माणसं बसवली. त्याचा मुलगा रिमुश गादीवर येतो न येतो तोच उर, उम्मा, लगाश उठले.

खापरखुंटी

सदा भांडतच होते असंही नाही हं. जेमदेत नस्र या ठिकाणी सापडलेल्या काही पाट्यांवर एकच मुद्रा उमटवलेली आहे आणि त्या मुद्रेत बऱ्याच शहरांची चिन्हं शेजारी शेजारी कोरलेली आहेत. काळ इ.स.पू. ३००० च्या आसपासचा. काहीतरी सामाईक वर्गणी किंवा देणं असावं. निप्पूर शहराच्या एन्लिल देवाला तर सगळेच मानायचे, आणि त्याचा कौल मिळाला असं म्हटल्याशिवाय कोणाला थोरला राजा म्हणवून घेता येत नसे.

पाटीपेन्सिल

आणि गू-एदिनचं शेवटी काय झालं?

निवृत्त कालवेवाला

उम्माचा राजा लुगालझागेसी याने लगाशची देवळं जाळली, चांदी आणि रत्नं नेली. लगाशच्या एका लेखनिकाने देवळागणिक यादी करून ठेवली आहे. शेवटी लिहिलंय की यात आमचा राजा उरुकागिना याचं पाप नाही, हे पाप लुगालझागेसीच्या देवीने आपल्या मानेवर वागवावं. पुढे लुगालझागेसीलाच सर्गोनने मान जोखडात अडकवून एन्लिलच्या दारात नेलं.

त्या यादीतली एक ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे. निंगिर्सूच्या शेतात जेवढा जव लावलेला होता, तेवढा त्याने उपटून नेला.