नव्या बंदिशकारांचं नाव का होत नाही? 'दर्जा नाही म्हणून' हे उत्तर मला मान्य नाही

मुखडा
काल इथे एकाने लिहिलं, आजच्या बंदिशकारांची, म्हणजे ख्यालासाठी रागात गीत बांधणाऱ्यांची, नावं होत नाहीत कारण त्यांच्या रचना सदारंगासारख्या जुन्या बंदिशकाराच्या पासंगालाही पुरत नाहीत. चांगलं असेल ते टिकतंच. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टिकायला आधी ती रचना कोणाची हे कळावं तरी लागतं! मैफलीत तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या कोण, सगळं सांगतात. बंदिश कोणाची ते नाही. बंदिशकार रामाश्रेय झा 'रामरंग' २००९ मध्ये गेले. 'अभिनव गीतांजलि' या पुस्तकाचे पाच भाग त्यांनी मागे ठेवले. गाणं शिकणारे सोडले तर त्यांचं नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे?

दादरच्या एका कार्यक्रमात गायिकेने बागेश्री रागातली मध्यलयीतली चीज, म्हणजे बंदिश, 'पारंपरिक' म्हणून सुरू केली. रचनाकार तिसऱ्या रांगेत बसलेले. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, त्यांची मुद्रा (शब्दांत गुंफलेलं रचनाकाराचं टोपणनाव) होती, तिथे हिने चक्क 'सजन' घातलं. मध्यंतरात चहाच्या रांगेत ते मला एवढंच म्हणाले, "मात्रा बरोबर बसवल्या तिने."

काळी_दोन
तो 'एकाने' म्हणजे मी. ख्यालात बंदिश म्हणजे राग मांडायचं निमित्त. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, झाला की पुढचा पाऊण तास गायकाचा, आणि लोक तिकीट काढतात ते बढत, म्हणजे रागाचा विस्तार, ऐकायला. कर्नाटक संगीतात कृती, म्हणजे बांधलेली रचना, हाच कच्चेरीचा (मैफलीचा) कणा, म्हणून त्यागराज, दीक्षितर हे रचनाकार घराघरात. आणि दर्जा असला की आपल्याकडेही नाव होतंच. प्रभाताई अत्र्यांची मारुबिहागातली 'जागू मैं सारी रैना' घ्या. कोणाची ते सांगावं लागतं का?

अस्ताई_अंतरा
अहो, प्रभाताई स्वतः गायच्या! कुमारजी (कुमार गंधर्व) गायचे, 'गुणिजान' म्हणजे सी. आर. व्यास गायचे. ज्याला स्वतःचा मंच आहे त्याचीच रचना त्याच्या नावावर राहते. जो शिकवतो आणि बांधतो, त्याचं काय? जोगकंस राग आज सगळे गातात. तो 'गुणीदास' जगन्नाथबुवा पुरोहितांनी बांधला हे मला स्वतःला दहा वर्षं शिकल्यावर कळलं. तो राग काय दर्जा नसलेला आहे?

झुमरा
मला वेगळंच बोलायचंय. पुण्यात जन्म, पुण्यात शिक्षण, आणि बंदिश बांधायला बसलं की 'मोरी, तोरी, पिया, जिया'. ब्रज भाषा धड येत नाही. शब्दच उसने असतील तर श्रोता कशाला लक्षात ठेवेल? मराठीत ख्याल बांधा, बघा नाव होतं की नाही.

मांडवीकाठ
झाला सुरू मराठी ख्याल! बांधून बघितलंय का कधी? विलंबित एकतालात 'माझ्या', 'तुझ्या' ही जोडाक्षरं ओढून दाखवा. 'बलमा'तला आकार ('आ'चा स्वर) मिळतो तसा मोकळा आकार हवा तिथे मराठीत मिळत नाही. आमच्या गोव्यातले गवई घरी कोंकणी बोलायचे, मैफलीत ब्रजच गायचे. त्यांना मातृभाषेचं प्रेम नव्हतं?

झुमरा
'नाथ हा माझा' हे नाट्यपद यमन रागातच आहे ना? 'स्वयंवर' नाटक १९१६ चं. शंभर वर्षं लोक त्यावर तानांची बरसात करतायत, जोडाक्षरं कोणाच्या घशात अडकली? सवय नाही एवढंच कारण आहे.

काळी_दोन
नाट्यपद म्हणजे ख्याल नव्हे. शिवाय 'स्वयंवर'चे संगीतकार भास्करबुवा बखल्यांनी त्यातल्या कितीतरी चाली जुन्या चिजांवरूनच घेतल्या. म्हणजे तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं. थोडं वाचून या.

झुमरा
वाचून या? पंचवीस वर्षं शिकवतोय मी. वर्गातल्या पोरांना विचारतो, आत्ता म्हणालात त्याचा अर्थ काय? दहातली आठ गप्प बसतात. अर्थ न कळता गायचं आणि मग रचनाकार विसरला म्हणून गळे काढायचे!

मांडवीकाठ
मग अर्थ शिकवा. मास्तर तुम्हीच आहात.

मुखडा
भाषेचा धागा वेगळा काढा, हात जोडतो. मूळ प्रश्न नोंदीचा आहे. ए. आर. रहमान यांच्या 'वीरा राजा वीरा' या चित्रपटगीताचा खटला आठवा. 'शिवस्तुती' या रचनेसाठी धाकट्या डागर बंधूंना (ध्रुपद गायकांना) श्रेय द्या, असा अंतरिम आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. एखादी रचना गायली म्हणजे ती आपण रचली हे सिद्ध होत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. डागरांसारख्या घराण्याची ही गत, तर डोंबिवलीत क्लास घेणाऱ्या बाईंनी आपली बंदिश आपली आहे हे कुठे सिद्ध करायचं? पूर्वी मुद्रा हीच सही होती. आता तीही खोडतात.

अस्ताई_अंतरा
म्हणूनच अश्विनीताई भिडे-देशपांडे यांनी आपल्या बंदिशींचं 'रागरचनांजली' हे पुस्तक काढलं याचं मोल मला मोठं वाटतं. छापलेलं आहे, तारीख आहे, 'पारंपरिक' म्हणायची सोय नाही. पण पुस्तक काढायची ऐपत आणि नाव दोन्ही लागतं. माझ्या गुरूंच्या साठेक बंदिशी वह्यांत पडून आहेत. प्रकाशकाला फोन केला, तर म्हणाले स्वखर्चाने काढा. एका संयोजकाला म्हटलं, निवेदनात रचनाकाराचं नाव घ्या. तो म्हणाला, वेळ नसतो. प्रायोजकांची यादी मात्र अख्खी वाचली.

काळी_दोन
बरं. निवेदनात नाव घ्यायला माझी हरकत नाही, पाच सेकंदांचं काम आहे. मुद्रा बदलणं हे तर चूकच, त्याला मी कधी पाठिंबा दिला नव्हता. पण नाव घेतल्याने रचना मोठी होत नाही. दहा नव्या बंदिशींतल्या आठ मला अजूनही एकसारख्याच वाटतात.

मुखडा
दोन तरी वेगळ्या वाटल्या ना? त्या कोणाच्या?

काळी_दोन
एक भूप रागातली, झपतालातली. गायकाने सांगितलं नाही.

झुमरा
शब्द मराठी होते का?

मांडवीकाठ
अरे देवा.