जि. प. शाळेची नवी वर्गखोली: प्रस्ताव कुठे अडतो आणि स्लॅबच्या दिवशी काय बघायचं?

पालक_सदस्य: पहिली ते पाचवी, शिक्षक चार, खोल्या दोन, त्यातली एक गळते, भिंतीला आरपार तडे. पंचायत समितीकडे दिलेली मागणी त्रुटी काढून परत आली. शाळा व्यवस्थापन समितीनं आता काय जोडावं? काम मंजूर झालंच तर आमच्यात कोणी अभियंता नाही. चुकीचं काम ओळखायचं कसं?

टेबल_ते_टेबल: आधी यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत तुमच्या शाळेची भरलेली माहिती तपासा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक मिळून एक खोली. म्हणजे तुमची तूट उघड आहे. पण तडे गेलेली खोली यू-डायसमध्ये 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून भरलेली असेल, तर ती वापरातली धरली जाते आणि मागणी तिथेच कापली जाते. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा वार्षिक आराखडा याच माहितीवर उभा राहतो.

जुनी खोली पाडून तिथेच बांधायचं असेल तर निर्लेखन आधी, म्हणजे ती खोली निकामी ठरवून पाडायची मंजुरी. अभियंत्याचा अहवाल, समितीचा ठराव, फोटो लावून तो प्रस्ताव वेगळा पाठवा. हे राहिलं तर निधी येऊनही काम सुरू होत नाही, कारण जागाच मोकळी नसते.

जागेचा कागद हवाच: सातबारा, गावठाणात असाल तर मालमत्ता पत्रक. जुन्या शाळांच्या जागा कित्येकदा तोंडी दिलेल्या असतात आणि उताऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. हेच काम जिल्हा नियोजन किंवा इतर निधीतून घेतलेलं नाही, असा दाखलाही जोडा.

साइटवरचा: कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश) निघाला की अंदाजपत्रकाची आणि नकाशाची प्रत मागून घ्या. त्याशिवाय तपासणार कशाशी?

सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानं होतं. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटला पाणी-सिमेंट प्रमाण 0.55 च्या वर जाऊ नये, म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटरच्या आत. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये पाइप सोडून ठेवतात. तिथं कोणीतरी उभं राहाच. असा स्लॅब वरून गुळगुळीत दिसतो, पण आतून सच्छिद्र राहतो आणि पुढे गळतो.

ओतण्याआधी सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर धरणारे ठोकळे) आहेत का बघा: स्लॅबला 20 मिमी, कॉलमला 40, पायाला 50. दगडाचे तुकडे किंवा लाकडी चिपा चालत नाहीत. सळई शटरिंगला, म्हणजे साच्याला टेकली की काही वर्षांत गंजते, फुगते आणि छताचे पोपडे मुलांच्या डोक्यावर पडतात. तुमच्या जुन्या खोलीत गंजकी सळई उघडी पडली असेल तर हे तिथेच बघायला मिळेल.

माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर चालू हवा. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे 150 मिमीचे ठोकळे समोर भरून घ्या. 6 ते 15 घनमीटर मालाला दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. 28 दिवसांचा अहवाल मागा.

स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14. सहा मीटरच्या पुढच्या बीमला 21.

मोजमाप_पुस्तिका: वरचे दिवस ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. गोणीवर पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर ताकद हळू येते, टेकू आणखी ठेवावे लागतात. किती दिवस ते अभियंत्याकडून लेखी घ्या. काँक्रीटवर पाणीही किमान 10 दिवस मारा, शक्यतो 14. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलं तर उत्तम. कॉलमला मात्र गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पैशांचं म्हणाल तर पुढचा हप्ता मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाच्या मापांची वही) नोंद आणि उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा निधी कामावरच खर्च झाल्याचा दाखला) यांवर सुटतो. पाया बुजवण्याआधी मोजमाप आणि फोटो झाले नाहीत तर नंतर पाया किती खोल गेला यावरून वाद होतो आणि बिल अडतं. मार्चअखेरीस घाई होते, तेव्हा काम अर्धवट असताना पूर्णत्वाच्या कागदावर समितीनं सही करू नये. सही करण्याआधी रॅम्प मोजा: एक फूट चढाला बारा फूट लांबी.